थॉमस म्युंट्झर : राजांना जाब विचारणारा धर्मोपदेशक

जर्मनीतील शेतकरी युद्धाला पाचशे वर्षे झाली. १५२४ ते १५२६ या काळात जर्मनीच्या दक्षिण आणि मध्य भागात, अल्सासमध्ये आणि ऑस्ट्रियाच्या डोंगराळ प्रदेशात शेतकरी, खाणकामगार, विणकर आणि लहान शहरांतली गरीब माणसे आपल्या मालकांविरुद्ध उभी राहिली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या आधीचा युरोपातला हा सर्वांत मोठा जनउठाव मानला जातो. तो मोडून काढताना राजे आणि सरदारांच्या फौजांनी सत्तर हजार ते एक लाख माणसे मारली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

शाळेच्या पुस्तकात या काळातले एकच नाव आपल्याला भेटते, ते मार्टिन ल्यूथरचे. पोपच्या सत्तेला आव्हान देणारा, बायबल लोकभाषेत आणणारा सुधारक म्हणून आपण त्याला ओळखतो. त्याच काळात, त्याच प्रदेशात आणि सुरुवातीला त्याच्याच बाजूने उभा राहिलेला दुसरा एक धर्मोपदेशक मात्र आपल्या वाचनात येत नाही. त्याचे नाव थॉमस म्युंट्झर. ल्यूथर राजांच्या आश्रयाला राहिला आणि म्हातारपणी आपल्या जन्मगावी अंथरुणावर वारला. म्युंट्झर शेतकऱ्यांबरोबर गेला आणि वयाच्या पस्तिशीच्या आसपास त्याचे डोके भाल्यावर टांगले गेले.

म्युंट्झरला देवमाणूस करून त्याची आरती ओवाळावी, असा आमचा हेतू नाही. त्याच्या आयुष्यात धाडस आहे तशा घोडचुकाही आहेत. सामाजिक चळवळीत काम करणाऱ्या तरुणांनी दोन्ही पाहाव्यात, म्हणून आम्ही हे चरित्र इथे मांडत आहोत.

शेतकऱ्याच्या मानेवरचे ओझे

त्या काळचा जर्मनी म्हणजे एक देश नव्हता. पवित्र रोमन साम्राज्य या नावाखाली शेकडो लहानमोठी राज्ये, जहागिऱ्या, बिशपांचे प्रदेश आणि स्वतंत्र शहरे नांदत होती. शेतकऱ्याच्या डोक्यावर राजा, सरदार आणि चर्च असे तिघेही बसलेले होते. कित्येक ठिकाणी जमिनीचा मालक मठच असे. म्हणजे पापपुण्याचा हिशेब ठेवणारा आणि खंड वसूल करणारा एकच.

पिकाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा. त्याशिवाय मालकाला खंड द्यायचा. वर्षातले ठरलेले दिवस मालकाच्या शेतावर वेठ करायची. घरातला कर्ता माणूस मेला की त्याचे सर्वांत चांगले जनावर किंवा चांगले वस्त्र मालक घेऊन जाई. ज्या घरात मरण झाले त्याच घरातून गाय सोडून नेली जाई. अनेक प्रदेशांत शेतकरी भूदास होता. मालकाच्या परवानगीशिवाय त्याला गाव सोडता येत नसे आणि मालकाच्या हद्दीबाहेर लग्न करता येत नसे.

या जुन्या जाचात पंधराव्या शतकाच्या अखेरीस नवी भर पडली. लोकसंख्या वाढत होती, जमीन अपुरी पडत होती. त्याच वेळी राजे आपली सत्ता घट्ट करत होते. फौजेला, दरबाराला, कारकुनांना पैसा हवा होता. गावाचे गायरान, जंगल, ओढे आणि नद्या आतापर्यंत सगळ्या गावाच्या वापरात होत्या. त्या आता मालकाच्या ठरल्या. सरपण तोडले की दंड, मासा धरला की शिक्षा. रानडुक्कर पीक खाऊन गेले तरी त्याला मारायचे नाही, कारण शिकार हा सरदाराचा हक्क. गावाच्या जुन्या रीतीने न्याय होत असे, तिथे लॅटिन शिकलेले कायदेपंडित आले आणि रोमन कायद्याचा आधार देऊन मालकाचेच म्हणणे खरे करू लागले.

राज्यसत्ता बळकट होत गेली ती अशी, कागदाने आणि मोजणीने. तलवार मागे उभी होती, पण रोजचा जुलूम कायद्याच्या भाषेत चालला होता. उठावाची हिंसा मोजायची तर आधी ही रोजची हिंसा मोजावी लागते, असे आम्हाला वाटते.

शिकलेला तरुण

थॉमस म्युंट्झरचा जन्म १४८९ च्या सुमारास हार्झ डोंगराजवळच्या स्टोलबर्ग या गावी झाला. त्याचे नाव १५०६ मध्ये लाइपझिगच्या विद्यापीठात आणि १५१२ मध्ये ओडर नदीवरच्या फ्रँकफर्टच्या विद्यापीठात नोंदलेले आढळते. तो विद्वान होता. लॅटिन त्याला उत्तम येत असे, आणि बायबल मुळातून समजून घेण्यासाठी तो ग्रीक आणि हिब्रूकडेही वळला. रीतसर पुरोहित होऊन त्याने काही वर्षे लहानमोठ्या जागांवर काम केले.

ल्यूथरने १५१७ मध्ये चर्चच्या पापक्षमेच्या व्यापाराविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा म्युंट्झर त्याच्याकडे ओढला गेला. १५२० मध्ये ल्यूथरच्याच शिफारशीवरून त्याला झ्विकाऊ शहरात धर्मोपदेशकाची जागा मिळाली. झ्विकाऊ श्रीमंत शहर होते. जवळच्या चांदीच्या खाणी आणि कापडाचा व्यापार यांतून तिथे मोठा पैसा आला होता. पण तो मूठभर घराण्यांकडे गेला आणि विणकर कर्जबाजारी होत गेले. म्युंट्झरला आधी व्यापाऱ्यांच्या मोठ्या चर्चमध्ये नेमले होते. नंतर तो सेंट कॅथरीन चर्चमध्ये आला, जिथे विणकर आणि कारागीर येत.

इथेच त्याचे विचार पालटले. निकोलाउस श्टोर्खसारखे विणकर त्याच्या सहवासात आले. विद्यापीठाचे तोंडही न पाहिलेले हे लोक धर्मावर स्वतःच्या बुद्धीने आणि अनुभवाने बोलत होते. म्युंट्झरच्या मनात एक गोष्ट पक्की झाली. सत्य पुस्तकात बंद करून पंडितांच्या हाती देता येत नाही. ज्याने दुःख भोगले आहे त्याच्या हृदयात देव आजही बोलतो, मग त्याला अक्षर येवो वा न येवो. ल्यूथरशी त्याचे बिनसले ते मुळात याच मुद्द्यावर. ल्यूथरने पोपच्या जागी ग्रंथ आणला, पण ग्रंथाचा अर्थ सांगणारे पुन्हा पंडितच राहिले, असे म्युंट्झरचे म्हणणे होते.

ज्ञान एका वर्गाच्या भाषेत कोंडून ठेवले की काय होते, हे या संकेतस्थळाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

झ्विकाऊच्या नगरसभेने एप्रिल १५२१ मध्ये त्याला काढून टाकले. तो प्रागला गेला. शंभर वर्षांपूर्वी चर्चने जिवंत जाळलेल्या यान हुसचे अनुयायी त्या शहरात होते. ते आपल्याला साथ देतील, अशी त्याला आशा होती. तिथे त्याने एक जाहीरनामा लिहिला. पण प्रागच्या प्रतिष्ठितांनाही तो झेपला नाही आणि तिथूनही त्याला निघावे लागले. पुढचे वर्षभर तो गावोगाव, हाती पैसा नसताना फिरत राहिला.

आल्श्टेट : प्रार्थना लोकांच्या भाषेत

१५२३ च्या वसंतात त्याला आल्श्टेट नावाच्या लहानशा गावात चर्चची जागा मिळाली. त्याच्या आयुष्यातले सर्वांत विधायक काम इथे झाले, आणि नेमके तेच फारसे सांगितले जात नाही.

त्या काळी चर्चमधली उपासना लॅटिनमध्ये चाले. पुरोहित वेदीपाशी पुटपुटत असे आणि लोक न समजता उभे राहत. म्युंट्झरने संपूर्ण उपासना जर्मन भाषेत आणली. स्तोत्रे भाषांतरित केली, ती जुन्या चालींवर बसवली आणि सगळी सभा मिळून गाऊ लागली. आधी पुरोहितापुरते असलेले शब्द सर्वांच्या तोंडी आले. ल्यूथरची जर्मन उपासना १५२६ मध्ये आली. म्युंट्झरची पुस्तके त्याच्या आधी, १५२३ आणि १५२४ मध्ये छापून झाली होती.

परिणाम लगेच दिसला. आजूबाजूच्या गावांतून, मान्सफेल्डच्या तांब्याच्या खाणींतून शेकडो माणसे रविवारी आल्श्टेटला येऊ लागली. मान्सफेल्डचा काउंट एर्न्स्ट याने आपल्या प्रजेला तिकडे जायला बंदी घातली. लोक तरीही गेले. गंमत अशी की ल्यूथर याच मान्सफेल्डमध्ये वाढला होता आणि त्याचा बाप तांबे वितळवण्याच्या धंद्यातला मालक होता. एकाच मातीतून दोघांनी दोन वेगळी माणसे पाहिली.

याच वर्षी म्युंट्झरने ओटिलिए फॉन गेर्सेन या मठ सोडून आलेल्या स्त्रीशी लग्न केले. पुढच्या वर्षी त्यांना मुलगा झाला.

मार्च १५२४ मध्ये आल्श्टेटच्या लोकांनी जवळच्या मालेरबाखचे एक प्रार्थनास्थळ जाळले. ते एका मठाचे होते आणि तिथल्या चमत्काराच्या नावाने लोकांकडून पैसा गोळा केला जाई. सरकारने गुन्हेगार मागितले. गावाने कोणालाही हवाली केले नाही. लोकांनी आपापसांत एक संघ बांधला आणि सुमारे पाचशे जण त्यात सामील झाले.

राजापुढचे प्रवचन

१३ जुलै १५२४ रोजी सॅक्सनीचा ड्यूक योहान आणि त्याचा मुलगा आल्श्टेटच्या किल्ल्यात आले. या उपदेशकाला पारखून घ्यावे असा त्यांचा विचार होता. म्युंट्झरने बायबलमधल्या दानिएलच्या पुस्तकातली कथा निवडली. एका राजाच्या स्वप्नात धातूंची प्रचंड मूर्ती येते. तिचे पाय लोखंड आणि माती यांचे असतात, आणि कोणीही न फेकलेला एक दगड येऊन तिचा चुराडा करतो.

म्युंट्झरने त्या कथेचा अर्थ समोर बसलेल्या राजांना तोंडावर सांगितला. तुमच्या हातची तलवार तुमच्या मालकीची नाही. ती दुबळ्यांच्या रक्षणासाठी आणि जुलमी लोकांना आवरण्यासाठी तुमच्याकडे ठेव म्हणून दिली आहे. तिचा उपयोग केला नाहीत तर ती तुमच्याकडून काढून घेतली जाईल आणि लोकांच्या हाती जाईल, असा त्याचा सांगावा होता. त्याने हे प्रवचन छापूनही घेतले.

युरोपातल्या राज्यसत्तेचा पाया तेव्हा एकाच समजुतीवर उभा होता. राजाची सत्ता देवाने दिली आहे, म्हणून प्रजेने ती मुकाट सोसायची. म्युंट्झरने देव तसाच ठेवला आणि सत्तेला अट घातली. पुढच्या शतकांत राजकीय विचारवंतांनी करार, हक्क, प्रतिकार या शब्दांत जे मांडले, त्याची धर्माच्या भाषेतली एक सुरुवात इथे दिसते. त्याचबरोबर एक धोकाही इथेच दिसतो. त्याने माणसांची सरळ दोन गटांत वाटणी केली, देवाचे निवडलेले आणि देवाचे शत्रू. शत्रूला जगण्याचा हक्क नाही, असे तो बोलू लागला. या भाषेची किंमत पुढे लोकांना मोजावी लागली.

ल्यूथरने त्याच महिन्यात सॅक्सनीच्या राजांना खुले पत्र लिहून या बंडखोर वृत्तीला आवर घालण्याची विनंती केली. म्युंट्झरला वायमारला चौकशीसाठी बोलावले. छापखाना बंद झाला, संघ मोडायचा हुकूम आला. गावातले वजनदार लोक मागे सरले. ऑगस्टच्या एका रात्री म्युंट्झर गावाचा तट ओलांडून निघून गेला.

म्यूलहाउझेन आणि बारा कलमे

तो म्यूलहाउझेन या स्वतंत्र शहरात आला. तिथे हाइनरिख फायफर नावाचा माजी साधू शहरातल्या कारागिरांना संघटित करत होता. दोघांनी नगरसभेविरुद्ध लोकांना उभे केले, पण सप्टेंबरमध्ये दोघांनाही हद्दपार व्हावे लागले. म्युंट्झर न्यूरेंबर्गला गेला. तिथे त्याने ल्यूथरला उत्तर देणारी पुस्तिका छापून घेतली. शहराच्या अधिकाऱ्यांनी तिच्या प्रती जप्त केल्या.

त्या पुस्तिकेतला युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे. उठाव का होतो, याचे उत्तर त्याने मालकांच्या वागण्यात शोधले. पाण्यातल्या माशापासून जमिनीवरच्या गवतापर्यंत सारे काही ज्यांनी बळकावले, तेच गरिबाला चोरी न करण्याचा धर्म सांगतात. गरिबाने पोटासाठी काही उचलले की त्याला फाशी देतात. असंतोषाचे कारण स्वतःच असताना ते असंतोषाला पाप म्हणतात, असा त्याचा रोख होता.

तिथून तो नैऋत्येला, स्वित्झर्लंडच्या सीमेकडे गेला. तिकडे शेतकऱ्यांचा उठाव आधीच सुरू झाला होता. १५२४ च्या उन्हाळ्यात श्ट्युलिंगेन इथल्या शेतकऱ्यांनी वेठ करायला नकार दिला. ऐन सुगीच्या दिवसांत काउंटच्या बायकोने त्यांना दोरा गुंडाळण्यासाठी गोगलगाईंचे शंख वेचायला पाठवले, अशी कथा सांगितली जाते. पीक शेतात उभे आणि माणूस शंख वेचतोय, एवढ्या एका चित्रात वेठ म्हणजे काय ते सगळे येते.

मार्च १५२५ मध्ये मेमिंगेन शहरात शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींची बैठक झाली. तिथून बारा कलमांचे मागणीपत्र बाहेर पडले. ते झेबास्टियान लोट्झर नावाच्या एका कारागिराने लिहिले आणि ख्रिस्टोफ शापेलर या धर्मोपदेशकाने त्याला मदत केली. म्युंट्झरचा त्यात हात नव्हता. धर्मोपदेशक गावाने निवडावा. धान्याचा दशांश गावातल्या उपदेशकासाठी आणि गोरगरिबांसाठी वापरावा. भूदासपद्धती बंद करावी. शिकार, मासे, जंगल सर्वांना खुले करावे. वाढवलेली वेठ आणि खंड कमी करावा. बळकावलेले गायरान परत द्यावे. मेलेल्याच्या घरातून वसुली थांबवावी. आणि शेवटचे कलम असे की यातली एखादी मागणी धर्माला धरून नाही असे दाखवून दिले तर आम्ही ती मागे घेऊ. दोन महिन्यांत या पत्रकाच्या पंचवीस हजारांच्या आसपास प्रती छापल्या गेल्या. छापखान्याचे यंत्र येऊन जेमतेम सत्तर वर्षे झाली होती.

एवढ्या मोजून मापून केलेल्या मागण्या होत्या. राजे आणि सरदार काय करत होते? ते वाटाघाटी करत होते आणि वेळ काढत होते. सम्राटाची फौज इटलीत फ्रान्सशी लढत होती. फेब्रुवारी १५२५ मध्ये पाव्हियाची लढाई जिंकल्यावर भाडोत्री शिपाई मोकळे झाले. आउग्सबर्गच्या फुगर या सावकारी घराण्याने पैसा पुरवला. फौज तयार झाली आणि बोलणी संपली.

दोन बाजूंची हिंसा

शेतकऱ्यांनी हिंसा केली नाही, असे आम्ही म्हणणार नाही. मठ लुटले गेले, किल्ले जाळले गेले. १६ एप्रिल १५२५ रोजी वाइन्सबर्ग येथे शेतकऱ्यांनी काउंट हेल्फेनश्टाइन आणि त्याच्याबरोबरच्या सरदारांना भाल्यांच्या दोन रांगांमधून पळायला लावून ठार मारले. या घटनेची बातमी साऱ्या जर्मनीत पसरली. शेतकऱ्यांविषयी सहानुभूती असणारे शहरी लोकही बिचकले. राजांना हवे होते ते निमित्त मिळाले.

त्याची परतफेड कशी झाली? वाइन्सबर्ग शहर जाळून टाकले. शेतकऱ्यांचा पुढारी येक्लाइन रोरबाख याला साखळीने बांधून सभोवती आग लावून हळूहळू भाजून मारले. किट्झिंगेन शहरात तर तिथल्या शासकाने शरण आलेल्या सुमारे साठ माणसांचे डोळे काढले. अल्सासमध्ये झाव्हेर्न येथे लोरेनच्या ड्यूकच्या फौजेने हजारो शेतकऱ्यांची कत्तल केली.

वाइन्सबर्गच्या सरदारांची नावे इतिहासाने जपून ठेवली. झाव्हेर्नच्या हजारोंची नावे कोणाला माहीत नाहीत. एका बाजूच्या हिंसेला खून म्हटले गेले आणि दुसऱ्या बाजूच्या हिंसेला शांतता प्रस्थापित करणे. या शब्दांच्या खेळात ल्यूथरने मोठा वाटा उचलला. एप्रिलमध्ये त्याने दोन्ही बाजूंना समजुतीच्या गोष्टी सांगितल्या होत्या आणि राजांनाही दोष दिला होता. मे महिन्यात मात्र त्याने शेतकऱ्यांना निर्दयपणे ठेचावे, हेच देवाचे काम आहे, अशी पुस्तिका लिहिली. ती लोकांच्या हाती पडेपर्यंत कत्तली सुरू झाल्या होत्या.

फ्रँकनहाउझेनची टेकडी

म्युंट्झर १५२५ च्या सुरुवातीला म्यूलहाउझेनला परतला होता. १७ मार्चला शहराने जुनी नगरसभा बरखास्त करून नवी सभा निवडली. एप्रिलमध्ये उठाव थुरिंगियात पोहोचला. म्युंट्झरने आल्श्टेटच्या आपल्या जुन्या साथीदारांना आणि खाणकामगारांना पत्राने हाक दिली. त्या पत्रात दयेला जागा नव्हती. त्याने आपल्या निशाणासाठी पांढऱ्या कापडावर इंद्रधनुष्य काढून घेतले. देवाने माणसाशी केलेल्या कराराची ती खूण होती.

पण नियोजन कुठे होते? फायफरच्या आग्रहाने म्यूलहाउझेनची माणसे आधी आइख्सफेल्डच्या बाजूला मठ आणि किल्ले लुटत गेली. मोलाचे दिवस वाया गेले. खाणकामगार मोठ्या संख्येने आले नाहीत. फ्रँकनहाउझेन या मिठागरांच्या गावात हजारो शेतकरी जमून वाट पाहत होते. त्यांच्या मदतीला म्युंट्झर निघाला तेव्हा त्याच्याबरोबर सुमारे तीनशे माणसे होती. म्यूलहाउझेनची मुख्य ताकद घरीच राहिली. फ्रँकनहाउझेनला काउंट एर्न्स्टची तीन माणसे शेतकऱ्यांच्या कैदेत होती. त्यांना ठार करण्याला म्युंट्झरने संमती दिली. बोलणी करण्याचा एक दोर त्याने आपल्या हाताने कापला.

१५ मे १५२५ ला गावामागच्या टेकडीवर गाड्यांचा कोट करून शेतकरी उभे होते. सहा ते आठ हजार माणसे होती. बहुतेकांच्या हाती विळे, कोयते, काठ्या, भाले. समोर हेसचा फिलिप, सॅक्सनीचा ड्यूक जॉर्ज आणि ब्रुन्सविकचा हाइनरिख यांची कसलेली फौज, घोडदळ आणि तोफा. राजांनी निरोप पाठवला की म्युंट्झरला हवाली करा, तुम्हाला सोडून देऊ. शेतकऱ्यांनी त्याला हवाली केले नाही.

त्या वेळी सूर्याभोवती रंगीत खळे दिसले. म्युंट्झरने ते निशाणावरचे इंद्रधनुष्यच आकाशात उमटले असे मानले. देव आपल्या बाजूने लढणार, असा धीर त्याने लोकांना दिला. लोक स्तोत्र गात असतानाच तोफा सुटल्या. कोट फुटला, माणसे जीव घेऊन गावाकडे पळाली आणि घोडदळाने त्यांना उतारावर, गल्ल्यांत, घरांत शिरून कापले. पाच हजारांहून अधिक शेतकरी मेले. राजांच्या बाजूचे मेले ते बोटांवर मोजण्याइतके. या टेकडीला आजही लढाईची टेकडी म्हणूनच ओळखतात.

म्युंट्झर गावातल्या एका घरात अंथरुणावर आजारी असल्याचे सोंग करून पडलेला सापडला. त्याच्या झोळीतल्या पत्रांवरून तो ओळखला गेला.

शेवट

त्याला हेल्डरुंगेनच्या किल्ल्यात नेले. तो किल्ला त्याच्या कट्टर शत्रूचा, मान्सफेल्डच्या काउंट एर्न्स्टचा होता. तिथे त्याचा छळ करून जबाब घेतला गेला. त्या जबाबात एक गोष्ट नोंदली आहे. सगळे काही सर्वांच्या मालकीचे असावे आणि ज्याला जशी गरज तसे त्याला मिळावे, असा आमच्या संघाचा विचार होता, असे त्याने सांगितले. शत्रूंनी गुन्ह्याचा पुरावा म्हणून हे लिहून घेतले. पुढच्या पिढ्यांनी त्याची हीच ओळ सर्वांत जास्त जपली.

१७ मे रोजी त्याने म्यूलहाउझेनच्या लोकांना शेवटचे पत्र पाठवले. आणखी रक्त सांडू देऊ नका, अशी विनवणी त्यात आहे. आपली पुस्तके आणि कपडे बायकोला द्यावेत, असेही त्याने लिहिले. लोकांनी स्वतःचा स्वार्थ पाहिला म्हणून पराभव झाला, असे त्याचे म्हणणे होते. स्वतःच्या निर्णयांचा हिशेब मात्र त्या पत्रात नाही.

म्यूलहाउझेन शरण आले आणि आपले स्वातंत्र्य गमावून बसले. २७ मे १५२५ रोजी शहराबाहेरच्या छावणीत म्युंट्झर आणि फायफर यांचा शिरच्छेद झाला. त्यांची डोकी भाल्यांवर लावून लोकांना दाखवण्यासाठी ठेवली गेली. ओटिलिए तेव्हा गरोदर होती. ऑगस्टमध्ये तिने ड्यूक जॉर्जकडे पत्राने याचना केली. त्यानंतर तिचे नाव इतिहासातून नाहीसे होते.

मेल्यानंतरचे आयुष्य

ल्यूथरच्या गोटातून त्याच वर्षी म्युंट्झरचा इतिहास म्हणून एक पुस्तिका निघाली. तिने त्याला सैतानाचा हस्तक ठरवले आणि पुढची तीनशे वर्षे हीच प्रतिमा चालली. १८५० मध्ये फ्रीडरिख एंगल्सने जर्मन शेतकरी युद्धावर लिहिले आणि म्युंट्झरला क्रांतिकारक म्हणून पुढे आणले.

विसाव्या शतकात पूर्व जर्मनीच्या सरकारने त्याला राष्ट्रीय वीर केले. पाच मार्कच्या नोटेवर त्याचे चित्र आले. म्यूलहाउझेनच्या नावाला त्याचे नाव जोडले गेले. पण याच राज्यात १७ जून १९५३ रोजी कामगार रस्त्यावर उतरले तेव्हा त्यांच्यावर रणगाडे घातले गेले. राजांना जाब विचारणारा माणूस नोटेवर छापायचा आणि जाब विचारणाऱ्या कामगारांना चिरडायचे, हे एकाच सरकारला जमले. फ्रँकनहाउझेनच्या टेकडीवर सरकारने चित्रकार व्हेर्नर ट्युब्के याच्याकडून १४ मीटर उंच आणि १२३ मीटर लांब असे प्रचंड चित्र करून घेतले. सप्टेंबर १९८९ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. दोन महिन्यांच्या आत लोकांनी बर्लिनची भिंत उघडायला लावली.

बंडखोर मेला की त्याचा पुतळा करायला सत्तेला अडचण नसते. पुतळा प्रश्न विचारत नाही.

आपण काय घ्यायचे

म्युंट्झरची थोरवी आणि त्याची चूक एकाच ठिकाणाहून निघतात. दुःख भोगणाऱ्या माणसाला सत्य कळते, या विश्वासाने त्याने विणकराला, खाणकामगाराला, शेतकऱ्याला ताठ उभे केले. लोकांच्या भाषेत लोकांची प्रार्थना दिली. राजाला त्याच्याच किल्ल्यात जाऊन बोलण्याचे धैर्य दाखवले. आणि देव आपल्या बाजूने लढेल, या त्याच विश्वासाने त्याने विळे घेतलेल्या माणसांना तोफांसमोर उभे केले. आकाशातल्या खळ्याने तोफ थांबत नाही.

आम्हाला वाटते, कार्यकर्त्याने या टेकडीवर थोडा वेळ थांबावे. लोकांना रस्त्यावर बोलावण्याआधी काही साधे प्रश्न विचारावे लागतात. यांच्यापैकी कोणी पकडला गेला तर त्याचा खटला कोण लढणार? त्याच्या घरची चूल कोण पेटवणार? बोलणीचा मार्ग आपण स्वतःच बंद करतोय का? आपल्या एका हिंसक कृत्याने समोरच्याच्या शंभर कृत्यांना निमित्त तर मिळत नाही ना? वाइन्सबर्गला जे झाले त्याने एका मालकाचा सूड निघाला, पण हजारो शेतकऱ्यांचा बचाव कठीण झाला. सत्तेकडे हिंसेचे साधन नेहमीच जास्त असते, आणि त्या हिंसेला कायद्याचे नाव देण्याची सोयही असते.

दुसरीकडे, पराभव झाला म्हणून मागणी खोटी ठरत नाही. बारा कलमे लिहिणाऱ्या त्या कारागिराकडे फौज नव्हती. त्याच्याकडे गावोगावची गाऱ्हाणी होती आणि छापखाना होता. भूदासपद्धती बंद करा, हे त्याने लिहिलेले तिसरे कलम. प्रशियाच्या राजाने भूदासपद्धती रद्द करण्याचा हुकूम काढला तो १८०७ मध्ये. मधे दोनशे ऐंशीहून अधिक वर्षे गेली, पण मागणी तीच होती.

पाच हजार माणसे ज्या टेकडीच्या उतारावर मेली, त्यांच्यापैकी कोणाचे चरित्र लिहिले गेले नाही. म्युंट्झरचे वाचताना त्यांनाही आठवूया.